उपटण्याआधी नखाने साल खरवडून बघा

पाचगणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या अंगणात अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपात रोझमेरीचं चार वर्षांचं झुडूप आहे, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेलं. यंदा जानेवारीत दोन-तीन पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं झालं. त्यानंतर झुडपाची एक बाजू तपकिरी पडली, खालची पानं हात लावताच गळू लागली. भिंतीकडची बाजू मात्र अजून हिरवी आहे. ताई तेव्हापासून रोज तांब्याभर पाणी घालताहेत, मधे एकदा चिमूटभर युरियाही दिला. सासूबाई आता नाहीत. ताई विचारतात, झाड गेलं का? उपटू का? आणि याच झाडाची रोपं करता येतील का, कारण नवं विकत आणलेलं त्यांना नको आहे.

ताई, उपटू नका. आणि पाणी आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश सांगतो, पण या दोन गोष्टी आधी.

वाईत मी २२ वर्षं रोपवाटिका चालवतो. दर फेब्रुवारीत पसरणी घाट उतरून लोक अशी झाडं घेऊन येतात आणि प्रत्येकजण थंडीला दोष देतो. थंडीचा दोष आहेच, पण थोडा. जमिनीत चांगलं रुजलेलं रोझमेरीचं झुडूप शून्याखाली पाच-सहा अंश थंडीही सोसतं. आपल्याकडे महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात दव गोठतं तेव्हा पारा शून्याच्या आसपास असतो, तोही पहाटेचे दोन-तीन तास. ऊन आलं की सगळं वितळून जातं. एवढ्याने धडधाकट रोझमेरी मरत नाही. शेंडे करपतात, उघड्या आभाळाकडची पानं तपकिरी होतात, बस्स.

मग मरते कशाने? बहुतेक वेळा ती पावसाळ्यातच अर्धी मेलेली असते. आपल्याला कळतं फेब्रुवारीत.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. शिवाय ते वाढतं चुनखडीच्या, खडकाळ उतारांवर, जिथे पडलेलं पाणी थांबतच नाही. आपल्याकडे सगळं उलटं. पाऊस उबदार महिन्यांत, तोही जून ते सप्टेंबर सलग, आणि डोंगरावर तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला याहून चांगले दिवस कुठले? महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी, पण पिंपातल्या झाडाला तोही जास्तच. चार महिन्यांत पांढरी मुळी, म्हणजे पाणी ओढणारी बारीक मुळं, कुजून जाते, चार जाड मुळं उरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान असते, पान हिरवं राहतं, म्हणून आपल्याला वाटतं झाड ठीक आहे. मग डिसेंबर-जानेवारीचं कोरडं वारं सुटतं. पान पाणी मागतं आणि ते ओढायला खाली पांढरी मुळी उरलेली नसते. वरून दोन रात्री दव गोठतं आणि झाड बसतं. दोष मात्र त्या दोन रात्रींवर जातो.

एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे पुढचा सगळा उपाय यावर ठरतो. थंडीने मारलं असं मानलं की माणूस झाडाला पाणी देतो, खत देतो, प्लास्टिकने झाकतो. मुळी कुजली असेल तर या तिन्ही गोष्टी उरलेलं झाडही घेऊन जातात. तुमच्या हातून जे झालं ते मायेपोटी झालं, आणि शंभरातली नव्वद माणसं हेच करतात. अजून वेळ गेलेली नाही.

आता झाडाजवळ बसा. रोझमेरीच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. हिचं पान सुईसारखं, तेलकट आणि जाड. फांदी मेली तरी पान कित्येक आठवडे तसंच हिरवट-करडं राहतं, वासही येतो. उलट वरून पूर्ण तपकिरी दिसणारी फांदी आतून जिवंत निघते. म्हणून नखाने बघायचं. शेंड्याकडून सुरुवात करा, साल अगदी हलकी खरवडा. खाली ओलसर हिरवी रेघ दिसली तर ती जागा जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर दोन बोटं खाली या, पुन्हा खरवडा. असं करत प्रत्येक फांदीवर हिरवं कुठे सुरू होतं ते शोधा आणि तिथे रंगीत दोरा बांधा. दोरा कशाला, तर पुढच्या पंधरवड्यात हिरवं खाली सरकतंय की आहे तिथेच थांबलंय हे त्यावरून कळतं. थंडीची इजा असेल तर ती थांबलेली असते. मुळकूज असेल तर मेलेला भाग दर आठवड्याला दोऱ्याच्या खाली उतरत जातो.

आणखी एक खूण आहे. झुडपाची फक्त आभाळाकडची किंवा वाऱ्याकडची बाजू करपली असेल आणि भिंतीकडची हिरवी असेल, तर ते बहुतेक थंडीचं काम. पण कुठलीही दिशा नसताना एक अख्खी फांदी, मग दुसरी अख्खी फांदी अशी जात असेल, माती ओली असूनही शेंडे माना टाकत असतील, तर गडबड खाली आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला दोन्ही दिसतं. एक बाजू करपली हे दवाचं, खालची पानं गळताहेत हे मुळाचं.

नक्की कळायला पिंप आडवं करा आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर घ्या. चार वर्षांचं झाड आहे, घरातल्या कुणाचा तरी हात घ्या, ओढाताण नको. द्राक्षवाले जसं खोडाजवळ उकरून पांढरी मुळी चालली आहे का बघतात, तसंच इथे बघायचं. पांढरी-पिवळसर, टणक मुळी असेल तर निर्धास्त राहा. काळपट, बुळबुळीत, चिमटीत धरल्यावर वरचं साल निघून आत दोरा उरतो अशी मुळी कुजलेली. मातीला गटारासारखा वास आला तर मुळी बघायचीही गरज नाही. पिंपाचं भोकही बघा. अर्ध्या पिंपाला एखादंच भोक असतं आणि पिंप फरशीवर सपाट बसलं की तेही बंद होतं. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या झाडांपैकी निम्म्यांचं कारण मला त्या भोकात सापडलं आहे.

कुजलेली मुळं कात्रीने काढून टाका. कात्री आधी स्पिरिटने पुसा. मग नवी माती. तुमच्याकडची तांबडी माती जांभ्याची. पाण्याने चुना धुऊन गेलेला असल्याने ती आंबट असते आणि रोझमेरीला आंबट माती आवडत नाही. दोन भाग गाळलेली तांबडी माती, दोन भाग जाडी वाळू किंवा धुतलेली बारीक खडी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि एवढ्या मोठ्या कुंडीला दोन मुठी चुलीची राख. वाळू नदीची मिळत नसेल तर क्रश सँड चालते, पण धुऊन घ्या, तिच्यातली भुकटी पाण्याची वाट बंद करते. ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिळाला तर चमचाभर शेणखतात कालवून चार दिवस ओलसर सावलीत ठेवा आणि मग मिसळा.

कुंडीच्या तळाला खापरांचा थर घालायची आपल्याकडे पद्धत आहे. रोझमेरीला मी ते करत नाही. खापरांच्या थराने पाणी लवकर निघत नाही, उलट मातीचा थर जिथे संपतो तिथे ते अडकून राहतं आणि ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एकच खापर उपडं ठेवा, माती बाहेर वाहू नये एवढ्यापुरतं, आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. प्लास्टिकऐवजी मातीची कुंडी घ्या, ती अंगातून पाणी सोडते. मुळं जेवढी उरली त्याच्या बेताने कुंडी निवडा. मोठ्या कुंडीत थोडी मुळं म्हणजे पुन्हा ओली माती. कुंडीखाली तीन विटांचे तुकडे ठेवा, ताटली ठेवू नका.

लावल्यावर एकदा पाणी, भोकातून निथळेपर्यंत. त्यानंतर हात आवरायचा. शेतकरी वाफसा आल्याशिवाय पाणी सोडत नाही, तसं इथे. बोट दोन पेरं खाली घाला, ओल लागली तर आज पाणी नाही. फेब्रुवारीत पाचगणीला पाच-सहा दिवसांतून एकदा पुरेल, मार्च-एप्रिलात तीन-चार दिवसांनी. तांब्याभर रोज, हे कधीच नाही. द्यायचं तेव्हा भरपूर, आणि मग वाळू द्यायचं. खत तर अजिबात नको. युरियाने जी लुसलुशीत फूट येते ती पुढच्या थंडीत सगळ्यात आधी जाते, आणि आत्ता तर ते खत खायला झाडाला पांढरी मुळी उरलेली नाही. नवी फूट दोन बोटं लांब झाल्यावर मूठभर गांडूळखत, त्यापलीकडे वर्षभर काही लागत नाही.

छाटणीबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण इथे आपल्या भागातल्या जाणकार माणसाचाच हात चुकतो. तासगावचा द्राक्षवाला एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. काड्या पार खोडाच्या हातापर्यंत कापतो आणि आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. मोगरा असाच कापतात, गुलाबही कापतात. त्याच हाताने रोझमेरी कापली की संपलं. हिच्या जुन्या, उघड्या, पानं नसलेल्या लाकडावर निजलेले डोळे जवळजवळ नसतातच. तिथून फूट येत नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत सहा वर्षांचं एक झुडूप मोगऱ्यासारखं वीतभर ठेवून कापलं होतं. दोन महिने वाट पाहिली, एकही कोंब आला नाही. गिऱ्हाइकाचं झाड होतं ते, त्यांच्या मुलीच्या जन्माच्या वर्षी लावलेलं. आजही छाटणीला बसलो की ते आठवतं आणि हात हळू होतो.

म्हणून नियम एवढाच, कापाच्या खाली हिरवी पानं राहिली पाहिजेत. जिथे दोरा बांधलात त्याच्या बोटभर खाली, पण हिरव्या पानांच्या वर कापा. जी फांदी तळापर्यंत कोरडी आहे ती मुळापासून काढा, ती ठेवून काही उपयोग नाही. जिवंत भागातला एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी घेऊ नका. आणि घाई नको. होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो ना, तोपर्यंत करपलेली पानं झाडावर असू देत, रात्री त्यांचा थोडा आडोसाच होतो. एक बाजू पूर्ण रिकामी झाली तर वाईट वाटेल. ती बाजू भिंतीकडे फिरवू नका, उन्हाकडे फिरवा, शेजारच्या फांद्या तिकडे वाढतात. वर्ष जाईल त्यात.

आता रोपं. हे काम मी मुळं दुरुस्त करण्याच्याही आधी करायला सांगेन, त्याच दिवशी सकाळी. आजारी झाड वाचेल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही, पण हिरव्या शेंड्यांच्या दहा-पंधरा काड्या लावून ठेवल्या तर सासूबाईंचं झाड जात नाही. काडीतून आलेलं रोप म्हणजे तेच झाड, त्याच अंगाचं. बियांच्या नादाला लागू नका. बी फार कमी आणि पुढेमागे उगवतं, आणि उगवलं तरी आईसारखं निघेलच असं नाही.

काडी कोणती घ्यायची? फूल नसलेली, यंदा वाढलेली, वरून लवचीक पण बुडाशी थोडी कणखर. वाकवली तर वाकावी, लगेच सरळ व्हावी. अगदी कोवळी काडी सडते, तपकिरी लाकूड झालेली मुळं धरत नाही. लांबी चार-साडेचार इंच. कापल्यावर बुडाचा काप नीट बघा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर ती काडी फेका, रोग तिच्यात चढलेला आहे. बाजूची छोटी फांदी खाली ओढून तोडली की तिच्याबरोबर आईच्या सालीची टाच येते. अशी टाच असलेली काडी मला सगळ्यात भरवशाची वाटते, फक्त लोंबणारी साल कापून टाका. खालची निम्मी पानं ओरबाडू नका, बोटांच्या चिमटीत वरच्या दिशेने एकेक काढा. साल सोलली गेली की तिथून बुरशी शिरते.

मुळं फुटायची आयबीए असलेली पावडर कृषी केंद्रात मिळते. बुड पावडरीत टेकवा आणि झटका, पांढरा थर बसेल इतकी नको. पावडर नसली तरी रोझमेरी मुळं धरते, फक्त थोड्या कमी काड्या जगतात. लावायचं मिश्रण म्हणजे निम्मी जाडी वाळू आणि निम्मं धुतलेलं कोकोपीट. शेणखत, माती, काही नाही. तुमच्या आजूबाजूला स्ट्रॉबेरीवाल्यांकडे चार इंची पिशव्या सहज मिळतील. काडी खुपसू नका, आधी काटकीने भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. दोन इंच आत, मग बोटाने दाबा.

इथे पुन्हा एक सवय आड येते. जास्वंदीच्या, गुलाबाच्या काड्यांवर आपण प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधतो. रोझमेरीला तसं कोंडून ठेवलं की आठवड्यात काळी बुरशी चढते. तिला ओलसर हवा हवी, पण खेळती. ५० टक्के सावलीची शेडनेट, किंवा पूर्वेकडच्या व्हरांड्यात जिथे सकाळचं ऊन तासभर येतं अशी जागा. सकाळी एकदा पंपाने पानांवर हलका फवारा, आणि खालचं मिश्रण पिळलेल्या फडक्याइतकंच ओलं. चार ते आठ आठवडे लागतात. शेंड्याला नवं पान आलं म्हणून मुळं आली असं समजू नका, काडी स्वतःच्या साठ्यावरही दोन पानं काढते. काडी दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा. अडली तर मुळी आहे. भोकातून पांढरी मुळी डोकावली की चार इंचीतून सहा इंची कुंडीत, वर सांगितलेल्या मातीच्या मिश्रणात हलवा, आणि शेंडा अर्धा इंच खुडा म्हणजे झुडूप रुंद होईल. दहा काड्यांत सहा-सात जगल्या तर माझ्या हिशेबी चांगलं काम. म्हणून पंधरा लावा.

पाण्याच्या ग्लासात ठेवूनही मुळं येतात, दर दोन दिवसांनी पाणी बदललं तर. पण ती मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर पुष्कळशी मोडतात. जागा नसेल तर करा, आणि मुळी इंचभर झाली की लगेच मातीत घ्या.

झाडाची मुळं चांगली निघाली, तर दाब कलमही करा. जमिनीलगतची एक फांदी वाकवून, तिच्या खालच्या बाजूची साल इंचभर खरवडून, शेजारच्या कुंडीत तारेच्या आकड्याने दाबायची, वर माती आणि एक दगड. आई तिला खायला घालत राहते, त्यामुळे ती सहसा मरत नाही. तीन-चार महिन्यांनी वेगळी करायची. मुळकूज असेल तर मात्र नको.

सगळं वेळेत केलंत तर मे अखेरपर्यंत तुमच्या हाती सहा-सात रोपं असतील. पावसाळा त्यांची खरी परीक्षा घेणार. पाचगणी-महाबळेश्वरला घरांच्या भिंतींना पावसाआधी आडोसे बांधतात, तसा रोझमेरीला डोक्यावर पारदर्शक पत्रा हवा, बाजू मोकळ्या. अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवलेली रोपं पावसात राहिलेल्या रोपांसारखीच मरतात. जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ नाही, हवेतलीच ओल पुरते. पानांवर पांढरी भुरी दिसली तर दाटी झालेल्या फांद्या आतून विरळ करा. त्यानंतरच गंधकाचा विचार करा, आणि फवारलेली पानं महिनाभर खायला किंवा केसांच्या पाण्याला वापरू नका.

सगळी रोपं एका छपराखाली ठेवू नका. एक-दोन खाली कुणाकडे तरी द्या. वाईत द्या, साताऱ्यात, सांगलीला कुणी नातेवाईक असेल तर तिकडे द्या. सांगलीत पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, झाड पावसाळ्यात सुखाने राहतं. तिथला त्रास वेगळा. काळी माती चिकट असते, म्हणून कुंडीत ती वापरायचीच नाही, राखही घालायची नाही कारण तिथली माती-पाणी आधीच चुनखडीचं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत दुपारची सावली द्यायची आणि लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, येते का बघायचं. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं की चालणारे ठिपके दिसतात.

पुढच्या डिसेंबरात मोठं झाड असं ठेवा की मागे भिंत आणि वर थोडं छप्पर असेल. दव गोठतं ते निरभ्र, वारा नसलेल्या रात्री. जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडते, गार हवा जड होऊन खोलगट जागेत साठते. म्हणून तलावाकाठचं गवत पांढरं होतं, उंचावरचं बऱ्याचदा वाचतं. अंगणाच्या सखल कोपऱ्यातून कुंडी दोन पायऱ्या वर घेतली तरी फरक पडतो. पहाटे पांढरं दिसलं तर पानांना हात लावू नका, गरम पाणी टाकू नका, उन्हाने सावकाश वितळू द्या.

नखाने खरवडत गेलात आणि खोडाच्या बुडापर्यंत तपकिरीच लागलं, तर झाड गेलं आहे. मग ती माती त्या कुंडीत पुन्हा वापरू नका, पिंप घासून उन्हात वाळवा. पण तुम्ही भिंतीकडची बाजू हिरवी आहे म्हणालात, त्यामुळे शेंडे मिळतील असं मला वाटतं. स्वतः काड्या लावायची भीती वाटत असेल तर कापून माझ्याकडे आणा, तुमच्यासमोर लावून देतो. सकाळी ऊन चढायच्या आत कापा, ओल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीचं तोंड बांधू नका, आणि घाट उतरताना गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.